परमुलखातील रोकड



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "परदेशात एटीएममधून पैसे निघत नाहीत, त्याबद्दल बोलेन." त्यांच्यापैकी एक जण हसला. त्याचे हसणे मला समजले. काल या व्यासपीठावरून संतवाङ्मयाची चर्चा झाली, उद्या इतिहासाची होणार, आणि मधल्या दिवशी हा गृहस्थ यंत्रापुढे उभा राहून नोटा मोजणार! तथापि विषय वाटतो तितका किरकोळ नाही. या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले जर्मनीत, अमेरिकेत, आखातात आहेत; आपल्या गावचे बियाण्यांचे आणि लोखंडाचे व्यापारी बाहेर जातात; दरसाल येथून माणसे हजला जातात, पशुपतिनाथाला जातात. घरून निघताना जो तो खिशातले कार्ड चाचपून पाहतो आणि निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणाविषयी मला बोलावयाचे आहे.

आणि हे बोलावयाला मस्तगडाइतकी योग्य जागा दुसरी नाही. हा गड १७२५ साली निजामुल्मुल्क आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने बांधला. मराठ्यांच्या अमलाचे दिवस मधून वगळले, तर १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हे गाव निजामाच्या मुलखात होते. या मुलखाचे नाणे निराळे होते, हे आज साठीच्या आतल्या माणसाला सांगावे लागते. त्याला हाली शिक्का म्हणत. १९०४ पासून त्यावर चारमिनाराचा छाप आला, १९१८ पासून हाली कागदी नोटाही निघाल्या. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. शेवटच्या काळात सरकारी भाव असा होता की शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. म्हणजे सात हालीला सहा कलदार. या फरकाला आपली माणसे बट्टा म्हणत.

माझे वडील येथील मोंढ्यात मुनीम होते. मुंबईला जाणे झाले तर ते सांगत तो प्रकार असा. जालन्याहून आगगाडीने मनमाडपर्यंत जावयाचे. मनमाड इंग्रजी हद्दीत. तेथे उतरले की खिशातले हाली रुपये होते तसेच असत, त्यांतली चांदी कमी झालेली नसे, चारमिनारही पुसलेला नसे. पण पुढचे तिकीट कलदारात. तेथे हालीवर चहासुद्धा मिळावयाचा तो ओळखीच्या दुकानी, आणि मग त्या दुकानदाराने सांगितलेल्या भावाने. सरकारी बट्टा एक आणि फलाटावरचा बट्टा दुसरा. वडील एकदा घाईने निघाले, कलदार करून घ्यावयाचे राहिले, आणि मनमाडास एका अडत्याच्या ओळखीच्या माणसाची वाट पाहत त्यांनी रात्र फलाटावर काढली. "पैसा होता, पण तो तिथला पैसा नव्हता," असे ते म्हणत. पुढे १९५० पासून भारतीय रुपया आपल्याकडे हालीच्या जोडीने चालू लागला आणि १९५९ पर्यंत हाली व्यवहारातून गेला. आपल्या लोकांना ती कटकट संपली असे वाटले. आता विमानतळावर उतरल्यावर पहिल्या यंत्रासमोर ती पुन्हा भेटते.

मनमाडच्या फलाटावर झोपण्याची पाळी शहाण्या व्यापाऱ्यावर येत नसे, कारण तो रोकड नेतच नसे. तो हुंडी नेई. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली आज्ञा: अमुक इतके रुपये या माणसास द्यावेत. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, काही दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. आणि पैसे पतदार माणसाच्याच हाती पडावेत अशी जी लिहिलेली, ती शहाजोग. या कामाबद्दल पेढी घेई तिला हुंडणावळ म्हणत. हे शब्द मी हौसेने सांगत नाही. कार्डाचा सगळा व्यवहार मुळात हाच आहे, आणि जुन्या लोकांनी त्यातल्या प्रत्येक अडचणीला नाव देऊन ठेवले होते, म्हणून सांगतो. हुंडी वाटेत हरवली तर लिहिणारा 'पेठ' लिहून देई, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर 'परपेठ'. आणि समोरच्या पेढीने हुंडी नाकारली तर? त्याचीही सोय असे. त्याच गावच्या तिसऱ्या एखाद्या सावकाराच्या नावे 'जिकरी चिठ्ठी' सोबत दिलेली असे, की यांनी पैसे न दिल्यास आपण द्यावेत आणि आमची पत राखावी. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर हुंडी नाकारली गेल्याबद्दलची नुकसानभरपाई लिहिणाऱ्याच्या बोकांडी बसे. परगावी अडकलेल्या माणसाने ज्याच्याकडून हुंडी घेतली, त्याचाच गळा धरावयाचा. मधल्या माणसांचे भांडण ज्याचे त्याने मिटवावे.

हे व्यवहार फार सोज्ज्वळ होते असे मात्र नाही. पेढ्या बुडत, हुंडणावळीत लबाडी होई, आणि ज्याची पत नाही त्याला हुंडी मिळतच नसे. गरीब माणूस कंबरेला कसा बांधूनच काशीला जाई. पण चूक झाली तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे मात्र ठरलेले असे.

मधल्या काळात तर परदेशी रोकड हा सामान्य माणसाचा विषयच उरला नव्हता. परकीय चलनाचा इतका दुष्काळ की १९६० नंतरच्या दशकात बाहेर जाणाऱ्याला आठ डॉलर, नाही तर तीन पौंड, एवढेच सरकार बरोबर नेऊ देई. त्या पिढीतले विद्यार्थी मित्राच्या मित्राचा पत्ता खिशात घेऊन विमानात चढले. हजयात्रेकरूंसाठी आणि आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली निराळ्या नोटाच काढल्या होत्या. हजच्या नोटांवर 'हज' हा शब्द छापलेला असे, आणि त्या नोटा भारतात चालत नसत. नाणे निराळे, मुलूख निराळा, हा आपल्या हालीचाच प्रकार, फक्त उलटा! १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि आखाती संस्थानांनी एकामागून एक आपापली नाणी केली.

आज कायद्याने माणसाला वर्षाकाठी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. आठ डॉलरवाल्यांना हा आकडा ऐकून हसू आले असते. आणि ते न्यावयाचे साधन म्हणजे हे वीतभरही नसलेले कार्ड.

या कार्डात पैसा नसतो, हे पुन्हा सांगण्याची गरज आहे. पैसा जालन्याच्या शाखेत आहे. कार्ड ही आज्ञा आहे, दर्शनी हुंडीच म्हणाना. तुम्ही परक्या गावी यंत्रात ते घालता, पिन देता, रक्कम सांगता. ते यंत्र ज्या बँकेचे, ती बँक हा निरोप व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचा भागीदार अशा एखाद्या जाळ्याला देते. जाळे तुमच्या बँकेच्या संगणकाला विचारते. संगणक खाते पाहतो, कार्ड बाहेर चालविण्याची परवानगी आहे का ते पाहतो, आणि 'द्या' किंवा 'नको' म्हणतो. तो शब्द आल्या वाटेने परत जातो. हे सारे आपण खोकून घसा साफ करीपर्यंत होते. मग यंत्र नोटा मोजते. आता पहा, 'द्या' असा शब्द निघताक्षणी तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते. नोटा त्यानंतर बाहेर येतात, आणि न येण्याचा संभव या दोन क्षणांच्या मध्ये असतो.

मला तो २०२३ च्या मे महिन्यात भेटला. मुलगी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावी असते. जर्मनी म्हटले की आपल्याला वाटते, तेथे सगळे यंत्राने चालत असेल. तसे नाही, ती माणसे रोकडीला फार धरून आहेत. मुलगी मला म्हणाली, "नाना, इथल्या पाववाल्याकडे कार्ड घेत नाहीत, थोडी रोख जवळ ठेवा." शनिवारी संध्याकाळी मी एका बँकेच्या दारातल्या यंत्राकडे गेलो आणि तीनशे युरो मागितले. आत नोटा मोजल्याचा फर्रर्र आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. झडप मात्र उघडली नाही. पडद्यावर दिलगिरीचे वाक्य आले आणि कार्ड बाहेर पडले. पावती नाही. मी तेथेच उभा असताना खिशातला फोन वाजला: तुमच्या खात्यातून जवळजवळ अठ्ठावीस हजार रुपये वजा झाले आहेत.

सोमवारी त्या जर्मन बँकेत गेलो. समोरची बाई सौजन्याने बोलली. म्हणाली, तुम्ही आमचे खातेदार नाही. तुमच्या बँकेने आम्हाला विचारले तर आम्ही यंत्राची मोजदाद पाहू. माझ्या बँकेला फोन केला. तेथला मुलगाही सौजन्याने बोलला. म्हणाला, आमच्याकडे व्यवहार यशस्वी दिसतो. यंत्र ज्यांचे त्यांना विचारा. दोन्हीकडे सौजन्य, आणि मधे मी! शेवटी लेखी तक्रार दिली. तारीख, वेळ, यंत्राचा दारावर लिहिलेला क्रमांक, सगळे कळविले. पैसे परत आले, नाही असे नाही. त्रेपन्न दिवसांनी आले. वर घेतलेली हुंडणावळ आली नाही. तोवर मी जालन्यास परतलो होतो आणि मोंढ्यात तीच गोष्ट जो भेटेल त्याला सांगत होतो.

घरी असे झाले असते तर? तर नियम आहे, आणि तो चांगला आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले. खात्यातून रक्कम गेली आणि एटीएमने नोटा दिल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने आपण होऊन ती परत जमा करावयाची. खातेदाराने तक्रार करण्याची वाट पाहावयाची नाही. पाच दिवसांपुढे उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये खातेदाराला द्यावयाचे. जुन्या हुंडीच्या नुकसानभरपाईचेच हे नवे रूप आहे. मी त्या परिपत्रकाचे मनापासून स्वागत करतो. पण त्याच परिपत्रकात म्हटले आहे की हे नियम देशांतर्गत व्यवहारांना, म्हणजे दोन्ही बाजू भारतात असतील अशाच व्यवहारांना लागू आहेत.

म्हणजे पाच दिवसांचा शब्द हालीसारखा हद्दीपर्यंतच चालतो. पुढे जे चालतात, ते त्या कार्डाच्या जाळ्याचे आपसांतले नियम. त्यांनुसार तुमची बँक समोरच्या बँकेकडे वाद नेते, समोरची बँक उत्तराला मुदत घेते, आणि आठवडे जातात, कधी महिने. ते नियम बँकांनी बँकांसाठी केलेले आहेत. खातेदार त्यांत कोठेच पक्षकार नाही.

यावर बँकेची माणसे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्वी ऐकून माहीत आहे, की परदेशी यंत्र आमच्या ताब्यात नाही, त्याची मोजदाद आम्हाला दिसत नाही, मग पाच दिवसांत पैसे कशाच्या जोरावर द्यावेत? प्रश्न रास्त आहे. पण माझ्या वडिलांच्या पेढीला तरी इंदुरातल्या पेढीची तिजोरी कोठे दिसत होती? तिने आपल्या नावावर हुंडी विकली, हुंडणावळ घेतली, म्हणून जोखीम तिची. आजची बँकसुद्धा परदेशी व्यवहारावर वेगळी हुंडणावळ घेते. घरच्या व्यवहारापेक्षा कितीतरी अधिक घेते. दर अधिक आणि जबाबदारी कमी, हा हिशेब कोणत्या चोपडीत बसतो? पाच दिवस कमी पडत असतील तर पंधरा घ्या, तीस घ्या. पण मुदत असावी, आणि ती संपल्यावर रक्कम तात्पुरती तरी खात्यात जमा व्हावी. वाद बँकांनी चालवावा. परमुलखात अडकलेल्या माणसाने तो चालवावयाचा, हे मला अन्यायाचे वाटते. माझी तक्रार जर्मन यंत्राविरुद्ध नाही. यंत्र बिघडते. माझी तक्रार अशी आहे की बिघडल्यानंतर उत्तर कोणी द्यावयाचे, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. बँका परदेशी व्यवहाराला एवढ्या का भितात, याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे. कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, महाराष्ट्रातल्या जुन्या नामांकित बँकांपैकी. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या एटीएम-व्यवहारांच्या यंत्रणेत आधीच शिरकाव केलेला होता. बाहेरून आलेल्या प्रश्नाला 'द्या' किंवा 'नको' म्हणणारा जो दुवा, त्याच्या जागी त्यांनी आपला खोटा दुवा बसविला. खात्यात पैसे आहेत का, हे खऱ्या संगणकाला कोणी विचारीतच नव्हते. खोटा दुवा प्रत्येकाला 'द्या' म्हणत होता. आणि त्याच वेळी अठ्ठावीस देशांत माणसे बनावट कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभी होती. काही तासांत सुमारे बारा हजार व्यवहार होऊन अठ्ठ्याहत्तर कोटींच्या आसपास रुपये परदेशी यंत्रांतून निघाले. भारतातल्या यंत्रांतून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला सुमारे चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविले गेले. एकूण चौऱ्याण्णव कोटींच्या घरात रक्कम गेली. खातेदारांच्या वैयक्तिक खात्यांना धक्का लागला नाही, पैसा बँकेचा गेला. पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांच्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा दिली.

यातली विटंबना पहा. स्टुटगार्टजवळ खऱ्या खातेदाराला खऱ्या कार्डावर तीनशे युरो मिळेनात, आणि बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांत धो धो पैसे निघाले! पण त्या प्रकारानंतर बँकांनी दाराला अडणे घातले, तर त्यांना दोष कसा द्यावा? २०१८ अखेरपर्यंत जुनी काळ्या पट्टीची कार्डे जाऊन चिपची कार्डे आली, कारण नुसत्या पट्टीची नक्कल करणे सोपे. आणि रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड हाती येते ते फक्त भारतात चालणारे. परदेशी वापर खातेदाराने स्वतः सुरू करावयाचा, मर्यादा स्वतः ठरवावयाची, परत आल्यावर स्वतः बंद करावयाचा. नियम शहाणपणाचा आहे. मात्र तो आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? माझ्या ओळखीचे एक वृद्ध जोडपे मुलाकडे गेले. कार्ड चालेना. परदेशी वापर सुरू करावा तर मोबाइलवर सांकेतिक आकडा येणार. मोबाइलचे भारतातले सिमकार्ड काढून त्यांनी जालन्याच्या घरी देवघराच्या फळीवर नीट जपून ठेवलेले! मुलाने तेथले नवे सिम घेऊन दिले होते ना. सून तिकडे, शेजारी इकडे, आणि आकडा दोन मिनिटांत रद्द होणारा. ती किल्ली फळीवरून काढून फोनमध्ये घालीपर्यंत चार दिवस गेले.

हुंडणावळीबद्दल दोन शब्द. ती तीन जागी लागते आणि आपल्याला एकच दिसते. पहिली आपल्या बँकेची: कित्येक बँका रकमेवर साडेतीन टक्क्यांपर्यंत घेतात, शिवाय दर खेपेचा ठरावीक आकार, आणि त्या आकारावर अठरा टक्के वस्तुसेवा कर. दुसरी यंत्रवाल्याची: थायलंडात दर खेपेला दोनशेहून अधिक बाट ते यंत्र कापते, तुम्ही हजार काढा की वीस हजार. म्हणून थोडे थोडे काढणे महाग. तिसरी सर्वांत लबाड. यंत्र अगदी आपुलकीने विचारते, "तुमचा हिशेब रुपयांत करू का?" आपल्याला रुपया दिसला की माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते, आपण 'हो' म्हणतो. तो मनमाडच्या फलाटावरचा बट्टा! भाव यंत्रवाल्याचा, आणि त्यात त्याचा नफा धरलेला. तेथे 'नको' म्हणावे, तेथल्या चलनातच हिशेब होऊ द्यावा. हे एक वाक्य घरी गेल्यावर मुलाबाळांना सांगितलेत तरी माझा वेळ वाया गेला नाही असे मी समजेन.

नेपाळची गोष्ट निराळी आहे, आणि आपल्याकडून यात्रेच्या बसगाड्या तिकडे जातात म्हणून सांगून टाकतो. तेथे शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. बट्ट्याची चिंता नाही. पण डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरावरच्या भारतीय नोटांना मनाई केली, आणि पाचशेच्या नोटा कंबरेला बांधून गेलेल्यांची पंचाईत झाली. पुढे या बाबतीत नियम सैल होत गेले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात चालू नियम विचारून घ्यावा. मार्च २०२४ पासून तेथल्या दुकानांत आपल्या मोबाइलवरून पैसे देता येऊ लागले, ही मोठी सोय झाली. हजयात्रेकरूंना पूर्वी हज समितीकडून निघतानाच एकवीसशे रियाल हातात मिळत. २०२३ पासून ती पद्धत राहिली नाही, आणि त्या वर्षी स्टेट बँकेमार्फत रोख रियाल व आधी पैसे भरून ठेवलेले कार्ड अशी व्यवस्था झाली. ज्या म्हाताऱ्या माणसाने जालन्यात कधी एटीएम हाताळले नाही, त्याने ते मक्केत पहिल्यांदा हाताळावे, यात काय सोय आहे ते मला कळत नाही. निदान महिनाभर आधी कोणी तरी त्याला येथल्या यंत्रापुढे उभे करून शिकवावे. हे काम बँकेचे आहे. बँक करीत नसेल तर मोहल्ल्यातल्या पोरांनी करावे.

आपली जुनी हैदराबाद बँक पुष्कळांना आठवत असेल. १९४१ साली निजामाच्या राज्यात ती हैदराबाद स्टेट बँक म्हणून निघाली, हाली चलनाचा कारभार पाहण्यासाठीच. १९५९ मध्ये ती स्टेट बँकेच्या कुटुंबात आली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेतच विलीन झाली. बट्टा सांभाळण्याकरिता जन्मलेली ती बँक बट्टा संपल्यावरही साठ वर्षे आपल्या गावात राहिली. तिच्या खिडकीशी उभे राहिले की आतला माणूस आपल्याला नावाने ओळखी. ते दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही; त्या खिडकीशी तासतास उभे राहावे लागे, तेही मला आठवते. पण अडचण सांगावयाला खिडकी होती.

आता जाणाऱ्याने काय करावे? पुढल्या महिन्यात मुलाकडे निघालेले एक जोडपे समोर तिसऱ्या रांगेत बसले आहे, त्यांनाच उद्देशून बोलतो. काका, निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशी वापर सुरू करा आणि मर्यादा तुमच्या गरजेइतकीच ठेवा. भारतातले सिम फोनमध्येच राहू द्या. निदान संदेश येतील एवढी सोय करून घ्या. कार्डे दोन असावीत, दोन निराळ्या बँकांची, आणि ती एका पाकिटात ठेवू नका; दुसरे कार्ड हीच तुमची जिकरी चिठ्ठी. दोन दिवस निभतील एवढे तेथले चलन येथूनच घेऊन जा. यंत्र बँकेच्या इमारतीतले निवडा आणि शक्यतो बँक उघडी असताना वापरा. मी शनिवारी संध्याकाळी गेलो, तो माझा गाढवपणा. यंत्राने 'चेकिंग' की 'सेव्हिंग' असे विचारले तर आपले खाते बचतीचे. नोटा आल्या नाहीत तर तेथून हलण्यापूर्वी पडद्याचे आणि यंत्राच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्या, वेळ टिपा, आणि आपल्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. तुम्ही न केलेला व्यवहार खात्यात दिसला, तर त्यासाठी २०१७ चा नियम आहे: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा वेळी, बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही, आणि ती तुमची आहे असे म्हणावयाचे तर ते बँकेने सिद्ध करावयाचे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आले ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ पासून त्यासाठी सबंध देशाला एकच योजना झाली. त्याला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत.

मी गेलो होतो. लोकपालाकडे मी हुंडणावळीपुरतीच तक्रार केली. रक्कम हजाराच्या आत होती. तीवरून बँकेने ती परत केली. सोबतच्या पत्रात मात्र लिहिले होते की ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन, विशेष बाब म्हणून, ही रक्कम देण्यात येत आहे. ते 'विशेष बाब म्हणून' हे शब्द मी खाली रेघ मारून ठेवले आहेत. पत्र मी आज बरोबर आणले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पाहावे, आणि ज्यांच्यावर असाच प्रसंग आला असेल त्यांनी आपली तारीख, वेळ आणि किती दिवस लागले, एवढे या टेबलावरच्या वहीत लिहून जावे. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की आपण सर्वांच्या सह्यांनी रिझर्व्ह बँकेला पाठवू, की २०१९ च्या परिपत्रकातली ती देशांतर्गत व्यवहारांची अट बदला.